आफ्रिकेतील पारंपरिक उपचारक आणि सरकारी दवाखाना : चिठ्ठी एकाच दिशेने का जाते?

शर्वरी_डर्बन

नमस्कार. मी दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमध्ये सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. आफ्रिकेतील पारंपरिक उपचारकांचा विषय आपल्याकडे निघाला, की एक बाजू त्यांना सरसकट मांत्रिक ठरवून मोकळी होते आणि दुसरी बाजू प्राचीन ज्ञानाचे गोडवे गाऊ लागते. या दोन्हींत खरा प्रश्न मागे पडतो. येथे आजारी माणूस बऱ्याचदा आधी उपचारकाकडे जातो आणि मग सरकारी दवाखान्यात येतो, किंवा एकाच वेळी दोन्हीकडचे औषध घेतो आणि दवाखान्यात त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. अशा परिस्थितीत या दोन ठिकाणांचे एकमेकांशी नाते कसे असावे, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

थोडी पार्श्वभूमी देते. झुलू समाजात ढोबळमानाने दोन प्रकारचे उपचारक आहेत. इन्यांगा हा मुख्यतः झाडपाल्याचा जाणकार असतो. सांगोमा पूर्वजांच्या आत्म्यांच्या आधारे आजाराचे कारण सांगतात. त्यासाठी हाडे, शिंपले आणि इतर लहानसहान वस्तू चटईवर टाकून त्या कशा पडल्या आहेत हे पाहिले जाते. सांगोमा होणे हे स्वतःहून निवडण्याचे काम मानले जात नाही. पूर्वजांचे बोलावणे आले की माणूस आजारी पडतो, त्याला सतत स्वप्ने पडू लागतात आणि ज्येष्ठ सांगोमाकडे राहून दीक्षा पूर्ण केल्याशिवाय तो आजार हटत नाही, अशी धारणा आहे. या दीक्षेला उकुथ्वासा म्हणतात आणि ती कित्येक महिने, कधी त्याहूनही अधिक काळ चालते.

डर्बनमध्ये या जगाचा बाजार वॉरविक जंक्शनला, अर्धवट राहिलेल्या एका उड्डाणपुलावर भरतो. खालून मिनीबस टॅक्सींची वर्दळ चालू असते आणि वर सालींचे ढीग, कंद, मुळ्या आणि धुपासाठी जाळल्या जाणाऱ्या इम्फेफोच्या वाळलेल्या जुड्या मांडलेल्या असतात. विक्रेत्यांत स्त्रियाच अधिक दिसतात. गिऱ्हाईक समोर उभे असतानाच त्या साल तोडून, कुटून, कागदात बांधून देतात आणि ती कशी उकळायची, किती वेळा घ्यायची हेही तिथेच सांगतात. नाव नोंदवणे नाही, वजनकाटा क्वचितच, आणि दुसरी कोणती औषधे चालू आहेत, ही विचारपूसही नाही. मला काळजी वाटते ती नेमकी या शेवटच्या गोष्टीची.

कायद्याचा इतिहासही बोलका आहे. वर्णद्वेषी राजवटीने १९५७ मध्ये चेटूकविरोधी कायदा केला आणि त्याच्या छायेत सांगोमांचे काम दीर्घकाळ संशयास्पद ठरले. लोकशाही आल्यानंतर २००४ मध्ये पारंपरिक आरोग्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. परंतु लोकांची मते पुरेशी ऐकून घेतली गेली नाहीत, या कारणावरून घटनात्मक न्यायालयाने तो २००६ मध्ये अवैध ठरवला. २००७ मध्ये तो नव्याने मंजूर झाला. त्यात पूर्वजांच्या आधारे निदान करणारे, झाडपाल्याचे औषध देणारे, सुईणी आणि सुंता करणारे पारंपरिक शल्यक अशा चार गटांना मान्यता आहे. हंगामी परिषद २०१३ मध्ये स्थापन झाली, पण नोंदणीची घडी अजूनही नीट बसलेली नाही.

कायदा कागदावर राहिला तरी जीवन थांबत नाही. प्रिटोरियाजवळच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईंचे प्रकरण पाहा. २००७ मध्ये त्यांनी दीक्षा पूर्ण करण्यासाठी सुमारे महिनाभराची बिनपगारी रजा मागितली आणि सोबत पारंपरिक उपचारकाचा दाखला जोडला. व्यवस्थापनाने आठवडाभराची रजा देऊ केली. त्या तरीही गेल्या आणि त्यांना कामावरून काढण्यात आले. हे प्रकरण एकेक पायरी चढत २०१३ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेले आणि प्रत्येक पायरीवर त्या जिंकल्या. श्रद्धा तर्काला धरून आहे की नाही हे न्यायालयाने तपासायचे नसते, ती मनापासूनची आहे की नाही एवढेच पाहायचे असते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. मला हा निकाल योग्य वाटतो. मात्र नोकरीच्या वादात जी कसोटी पुरते, ती रुग्णाच्या औषधोपचाराला पुरत नाही.

आता मूळ मुद्दा. गेल्या काही दशकांत क्षयरोग आणि एचआयव्हीच्या कार्यक्रमांतून अनेक उपचारकांना प्रशिक्षण मिळाले. लक्षणे ओळखा आणि चिठ्ठी देऊन रुग्णाला आमच्याकडे पाठवा, असे त्यांना शिकवले जाते, आणि अनेक जण तसे पाठवतातही. परंतु त्या रुग्णाचे पुढे काय झाले, कोणते औषध सुरू केले, त्यासोबत काय घेऊ नये, हे सांगणारी चिठ्ठी दवाखान्यातून उपचारकाकडे जवळजवळ कधीच जात नाही. परिचारिका ती आलेली चिठ्ठी बाजूला ठेवते आणि रुग्ण पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच उपचारकाकडे जाऊन नवी मुथी घेतो. मुथी म्हणजे तेथील औषध. ही चिठ्ठी दोन्ही दिशांनी जायला हवी, असे माझे ठाम मत आहे. आपणांस काय वाटते?

सातारकर

शर्वरीताई, माहितीबद्दल आभार. माझा विरोध उपचारकांच्या सन्मानाला नाही, सरकारी शिक्क्याला आहे, आणि त्याचे कारण दक्षिण आफ्रिकेच्याच इतिहासात आहे. थाबो म्बेकी अध्यक्ष आणि मांटो चाबालाला-म्सिमांग आरोग्यमंत्री असताना एचआयव्हीवरील औषधांचा पुरवठा रेंगाळत राहिला, आणि त्याच काळात आरोग्यमंत्री लसूण, लिंबू, बीट आणि ‘आफ्रिकन बटाटा’ नावाच्या कंदाची शिफारस करत होत्या. २००६ मध्ये टोरांटोच्या जागतिक एड्स परिषदेत देशाच्या दालनात हेच पदार्थ मांडले गेले होते. औषधे वेळेवर दिली असती तर २००० ते २००५ या काळात तीन लाख तीस हजारांहून अधिक मृत्यू टळले असते, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी पुढे मांडला. हे पाप गावातल्या इन्यांगाचे नव्हते, सत्तेचे होते. परंतु सत्तेला ते रेटता आले, कारण ‘आमची परंपरा’ हा शब्द तिच्या हाताशी होता.

दुसरे उदाहरण टांझानियाचे. २०११ मध्ये लोलिओंडो भागातील समुंगे गावात अंबिलिकिले म्वासापिले हे निवृत्त पाद्री पाचशे शिलिंगांना एक पेला काढा देऊ लागले आणि तो मधुमेहापासून एड्सपर्यंत सगळे बरे करतो, अशी वार्ता पसरली. कित्येक किलोमीटर वाहनांच्या रांगा लागल्या. आजारी माणसे रांगेतच दगावली आणि काहींनी चालू असलेली एचआयव्हीची औषधे सोडली. मंत्रीही तेथे जाऊन पेला घेऊन आले, म्हणजे शिक्का बसलाच.

महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना प्राण गमवावे लागले. त्या कायद्यात साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात पूर्वजांच्या आधारे निदान करणाऱ्यांना मान्यता मिळते, तेव्हा त्या निदानात ‘शेजारणीने चेटूक केले’ असे निघाले तर पुढे काय? लिंपोपो भागात चेटकीण ठरवून वृद्ध स्त्रियांच्या हत्या झाल्या आहेत, आणि नंदुरबारच्या बाजूला डाकीण ठरवण्याचे प्रकार आपल्याला परके नाहीत. चिठ्ठी दोन्ही दिशांनी जावी हे म्हणणे ऐकायला चांगले आहे, पण चिठ्ठी कोणाच्या नावाने लिहायची, हे आधी ठरवा.

मनोवेध

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. या विषयातला सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग मला नायजेरियातील आबेओकुटाजवळच्या आरो येथील वाटतो. थॉमस अडेओये लांबो यांनी १९५४ च्या सुमारास तेथे मनोरुग्णांना कोठडीत न ठेवता आजूबाजूच्या खेड्यांत, नातेवाइकांसह, भाड्याच्या घरांत ठेवले. रुग्ण दिवसा रुग्णालयात उपचार घेत, शेतीत काम करत आणि संध्याकाळी वस्तीत परतत. लांबो यांनी पारंपरिक उपचारकांनाही या कामात सहभागी करून घेतले. ते स्वतः ब्रिटनमध्ये शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ होते, विजेचे झटके आणि औषधे दोन्ही वापरत होते. तरी भ्रम झालेल्या माणसाला त्याच्या समाजात परत नेण्याचे काम रुग्णालयाला एकट्याने जमणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले.

अलीकडचा पुरावाही आहे. ओये गुरेजे आणि सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियात ३०७ मनोरुग्णांवर केलेली चाचणी २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका गटात प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी उपचारकांच्या आणि प्रार्थना-स्थळांच्या जागी नियमित जाऊन औषधे देत आणि उपचारकांशी मिळून रुग्ण पाहत. दुसऱ्या गटात नेहमीची व्यवस्था राहिली. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील लक्षणे स्पष्टपणे अधिक उतरली होती. साखळ्या बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे असे अघोरी प्रकार पहिल्या गटात ५७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. मात्र दुसऱ्या गटातही ते ४२ वरून १० टक्क्यांवर आले, त्यामुळे या घटीचे सगळे श्रेय सहकार्याला देता येत नाही. बाहेरचे कोणी येऊन पाहते आहे, याचाही परिणाम झाला असावा, असे मला वाटते.

सातारकर यांची शिक्क्याबद्दलची भीती मी समजू शकते. पण या चाचणीत कोणी उपचारकाला प्रमाणपत्र दिले नाही. परिचारिका औषध घेऊन त्याच्या दारात गेली, एवढेच झाले. २००१ मध्ये तमिळनाडूतील एर्वाडी येथे दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानात साखळ्यांना बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून गेले, आणि सरकारने अशी आश्रयस्थाने बंद करण्याचा मार्ग धरला. ज्या दारी कुटुंबे आपल्या माणसाला घेऊन जातात, तिथे डॉक्टर आधीच पोहोचला असता तर, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

नाईलकाठ

युगांडात राहतो, पेशाने अभियंता आहे. परंतु पश्चिमेकडच्या म्बारारा भागात कामानिमित्त नेहमी जाणे होते, म्हणून लिहितो. शर्वरीताईंच्या चिठ्ठीच्या मुद्द्याला थेट लागू पडणारी एक चाचणी तिथेच झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १७ उपचारक, त्यांच्याकडे येणारी ५०० माणसे. अर्ध्यांना नेहमीप्रमाणे जवळच्या दवाखान्यात एचआयव्ही तपासणीसाठी जायला सांगण्यात आले. उरलेल्या अर्ध्यांना उपचारकानेच समुपदेशन करून तिथल्या तिथे तपासणी देऊ केली. पहिल्या गटातील २३ टक्के लोकांनी तपासणी केली, दुसऱ्या गटातील सगळ्यांनी. म्हणजे ‘तिकडे जा’ असे सांगणे आणि ‘इथेच करूया’ असे म्हणणे यांत इतके अंतर आहे.

लोक उपचारकाकडे जातात ते स्वस्त पडते म्हणून, हा समज इथे राहिल्यावर टिकत नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे. उपचारकाला पैसे द्यावे लागतात, मोठ्या विधीसाठी बकराही द्यावा लागतो. फक्त ते हप्त्याहप्त्याने किंवा बरे वाटल्यावर देता येते. लोक जातात कारण तो जवळ असतो, रात्री भेटतो, संपूर्ण घराची हकिकत त्याला ठाऊक असते आणि तो तासभर ऐकून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या धोरणात युगांडात दर दोनशे ते चारशे लोकांमागे एक उपचारक असल्याचे नोंदवले होते. तितक्या लोकांमागे डॉक्टर कोणत्याही अंदाजपत्रकात बसणार नाही.

आणखी एक. कंपालात १९९२ पासून ‘थेटा’ ही संस्था उपचारक आणि डॉक्टर यांना एड्सच्या कामात एकत्र आणत आली. म्हणजे दक्षिण आफ्रिकेत सत्ता एचआयव्हीवरील औषधे नाकारण्याच्या वाटेवर होती, त्याच्या आधीपासून इथे दुसरी वाट चालू होती.

रानवेली

वनस्पतींकडे चर्चा आल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. आपल्याकडे पडीक जमिनीवर, रेल्वेमार्गाच्या कडेला उगवणारा पिवळा धोतरा सर्वांनी पाहिला असेल. काटेरी पाने, पिवळी फुले, तोडल्यावर पिवळा चीक. त्याचे बी मोहरीत मिसळल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. हीच वनस्पती मालीतील उपचारक हिवतापासाठी वापरतात, आणि तिचा अभ्यास ज्या पद्धतीने झाला ती शिकण्यासारखी आहे. संशोधकांनी प्रयोगशाळेपासून सुरुवात केली नाही. त्यांनी घरोघरी जाऊन विचारले, की शेवटचा ताप आला तेव्हा काय घेतले आणि पुढे काय झाले. ज्या वनस्पतीनंतर माणसे खरोखर बरी झाली होती, ती उपचारकांच्या देखरेखीखाली वेगवेगळ्या मात्रांत तपासली आणि मग आधुनिक औषधाशी तुलना केली. ३०१ रुग्णांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. काढा घेणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना दुसरे औषध लागले नाही, आधुनिक औषधाच्या गटात हे प्रमाण ९५ टक्के होते. म्हणजे काढा मागे पडला, पण फार मागे नाही. ज्या खेड्यात पावसाळ्यात गोळीच पोहोचत नाही तिथे ही माहिती मोलाची आहे. कोणता भाग, किती वेळ उकळायचा, हे कळल्यामुळेच ती सुरक्षित झाली. बी आणि पाला यांतला फरक इथे जीवन-मरणाचा आहे.

दुसरा पदर हक्कांचा. दक्षिण आफ्रिकेतील एका जिरॅनियमवर्गीय झुडपाच्या मुळ्यांपासून खोकल्याचे औषध करण्याच्या पद्धतीवर जर्मन कंपनीने पेटंट घेतले होते. ईस्टर्न केप प्रांतातील ॲलिस येथील समुदायाने आणि एका स्थानिक संस्थेने आव्हान दिल्यावर युरोपीय पेटंट कार्यालयाने ते २०१० मध्ये रद्द केले. हळदीच्या पेटंटचा लढा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली १९९७ मध्ये कसा जिंकला गेला, हे आपल्याला पाठ आहे. फरक असा, की आपल्याकडे दाखवायला ग्रंथ होते. ज्ञान तोंडी चालत आलेले असले की ‘हे आधीपासून माहीत होते’ हे सिद्ध करणे फार अवघड होते.

आणि खुद्द झाडांची स्थिती. मिरीसारख्या तिखट सालीचा इसिभाहा वृक्ष सालीसाठी सोलून सोलून दुर्मिळ झाला आहे. सालीतले गुण पानांतही बऱ्याच प्रमाणात आहेत, असे संशोधन आहे आणि क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात उपचारकांना रोपे वाटण्याचा उपक्रमही झाला. उपचारकांची अधिकृत नोंद असेल तर अशी रोपे आणि अशी माहिती कोणाला द्यायची, हे ठरवता येते. माझ्यासाठी नोंदणीच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

शर्वरी_डर्बन

सर्वांचे आभार. सातारकर, आपण विचारलेल्या प्रश्नाला बगल देणार नाही. चेटकिणीचे नाव घेणे हा येथे आजही गुन्हाच आहे आणि तो तसाच राहावा. नोंदणी झाल्यावर तक्रार कोठे करायची, हे तरी रुग्णाच्या नातेवाइकांना कळेल; आज ते कोणालाच सांगता येत नाही. ईस्टर्न केपमधील खोसा समाजातील मुलांच्या प्रौढत्वाच्या दीक्षेचे उदाहरण यासाठी बोलके आहे. सुंतेनंतर मुलांना पहिले काही दिवस पाणी देत नाहीत, जखमा चिघळतात, आणि दर हंगामात मुले दगावतात किंवा कायमची अपंग होतात. बंदी घालून प्रथा थांबली नसती, ती डोंगरापलीकडे गेली असती. म्हणून आधी प्रांतिक कायद्याने आणि मग २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने शल्यकाची नोंद, मुलांची पूर्वतपासणी आणि पालकांची संमती सक्तीची केली. मृत्यू थांबलेले नाहीत, हेही तितकेच खरे आहे. बहुतेक मृत्यू बेकायदा, नोंद नसलेल्या ठिकाणी होतात.

बुशबकरिज भागातील एक साधी गोष्ट सांगते. तेथील उपचारक ब्लेडने त्वचेवर बारीक चिरा देऊन त्यांत बोटाने औषध चोळतात. एका रुग्णाला अनेक चिरा, आणि उपचारकाच्या बोटालाही कापलेले असू शकते. त्यामुळे खुद्द उपचारकांनाच एचआयव्हीची लागण होण्याचा धोका आहे. संशोधकांनी त्यांना हातमोजे वापरण्याचे प्रशिक्षण दिले आणि अनेकांनी ते आनंदाने स्वीकारले. अडचण आली ती हातमोजे संपल्यावर. दवाखान्याच्या भांडारातून उपचारकाला हातमोज्यांचे खोके द्यायला कोणत्या नियमाने परवानगी आहे, याचे उत्तर कोणाकडे नसते. मान्यता म्हणताना मला भिंतीवरचे प्रमाणपत्र अभिप्रेत नाही, हे खोके अभिप्रेत आहे.

सातारकर

खोके जरूर द्या, त्याला माझा विरोध नाही. मनोवेध आणि नाईलकाठ यांनी दिलेल्या चाचण्यांनी माझे मत काहीसे बदलले आहे, कारण दोन्ही ठिकाणी उपचारकाला अधिकार न देता विशिष्ट काम दिले गेले आणि त्या कामाचे मोजमाप झाले. असे असेल तर मी सोबत आहे. पण एखाद्या देशाने वनौषधींना थेट सरकारी रुग्णालयात आणले आहे का? तिथे काय अनुभव आहे?

शर्वरी_डर्बन

होय, घानाने. डॉ. ओकू अँपोफो यांच्या पुढाकाराने माम्पाँग-अकुआपेम येथे १९७५ मध्ये वनौषधी संशोधन केंद्र सुरू झाले. २००० मध्ये पारंपरिक वैद्यकाचा कायदा झाला, २००१ पासून कुमासीच्या विद्यापीठात वनौषधी विज्ञानाची पदवी मिळू लागली, आणि साधारण २०११ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत या पदवीधरांचे स्वतंत्र विभाग उघडले. डॉक्टर आणि वनौषधीतज्ज्ञ एकाच आवारात बसत असल्यामुळे तिथे चिठ्ठी निदान तत्त्वतः दोन्ही दिशांनी जाऊ शकते, आणि रक्ततपासणी एकाच प्रयोगशाळेत होते. अडचण पैशांची आहे. राष्ट्रीय आरोग्य विम्यात वनौषधी येत नाहीत, त्यामुळे शेजारच्या खोलीतले औषध विम्यातून आणि इथले खिशातून, अशी स्थिती होते आणि गरीब रुग्ण या विभागाकडे फिरकत नाहीत.

मला घानाच्या रचनेत खटकते ते निराळेच. तिथे झाडपाला आत आला आणि माणूस बाहेर राहिला. पदवी घेतलेला तरुण वनौषधीतज्ज्ञ म्हणजे गावातला उपचारक नव्हे; त्याला वनस्पती आणि मात्रा ठाऊक आहेत, पण रुग्णाच्या घरातला कलह, मृत्यूनंतर राहून गेलेला विधी, सुनेवर घेतला जाणारा संशय हे त्याच्या कक्षेत येत नाही. व्यवस्थेला औषधाची बाटली पचते, कारण तिचे पृथक्करण करता येते. उलट, मनोवेध यांनी दिलेली चाचणी आणि म्बारारातली चाचणी पाहिली, तर दोन्हींत उपयोगी पडले ते उपचारकाचे लोकांशी असलेले नाते. एकाही ठिकाणी झाडपाल्याची परीक्षा नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या परिषदेने वनौषधींच्या गटाची नोंदणी आधी सोपी म्हणून उरकून घेतली आणि सांगोमांचा प्रश्न पुढे ढकलला, तर तीच चूक इथेही होईल, अशी मला भीती आहे. नियमांच्या मसुद्यांवर हरकती मागवल्या जातात, तेव्हा आम्ही काही जण हाच मुद्दा लेखी देत असतो, आणि परतीच्या चिठ्ठीचा नमुनाही सोबत जोडतो : रुग्णाच्या संमतीने, निदान न उघड करता, फक्त चालू औषधे, कोणते घटक टाळावेत आणि पुढची तारीख. ज्यांना असा नमुना आपल्या कामासाठी हवा असेल, त्यांनी कळवावे, मी मराठीत करून देईन.